वाळवंटातल्या लहानशा कॅम्पवर तीन रात्री, आणि आपला नान्नजचा माळ

माळावरचा (धागाकर्ता) • १० जानेवारी, रात्री ९:४०

गेल्या श्रावणात इथेच विचारलं होतं, वाळवंटात स्वतःचा तंबू ठोकून राहायचं असेल तर कुठे जावं. ज्यांनी वेळ काढून सांगितलं त्यांचं देणं फेडायला हा धागा काढतोय. शिवाय जाऊन आल्यापासून एक गोष्ट मनात घोळते आहे, तीही लिहायची आहे.

आम्ही चौघं होतो: मी, बायको, मेहुणा आणि बारा वर्षांची मुलगी. सोलापूरहून मुंबई, मुंबईहून जोधपूर आणि तिथून रेल्वेनेच जैसलमेर. शेवटचा टप्पाच पाच-सहा तासांचा. ११५६ साली रावळ जैसलने वसवलेलं ते पिवळ्या दगडाचं गाव आणि आजही नांदता असलेला किल्ला, यावर इथे पुष्कळांनी लिहिलंय, म्हणून मी सरळ वाळूत जातो.

पहिली रात्र चुकली. समच्या वाळूच्या टेकड्यांजवळ एका मोठ्या कॅम्पवर आधीच पैसे भरले होते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, रात्री साडेअकरापर्यंत कर्णे, झगमगीत दिवे, आणि तंबूला तंबू चिकटलेला. मुलगी दोनदा बाहेर जाऊन आली आणि म्हणाली, "बाबा, तारे कुठे आहेत?" सकाळी सामान उचललं.

जैसलमेरच्या नैर्ऋत्येला पन्नासेक किलोमीटरवर खुरी आहे. त्या गावाच्या पुढे वाळूतल्या चाकोरीने चारेक किलोमीटर गेलो. शेणमातीने सारवलेल्या चार झोपड्या, एक चूल, शंभर पावलांवर खड्ड्याचा संडास आणि काटेरी झुडपांचं कुंपण घातलेली मोकळी वाळू, एवढाच तो कॅम्प. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. मालक सत्तरीचे. तिथल्या रीतीने आम्ही त्यांना काकोसा म्हणायला लागलो. तीन रात्रींत आमच्याखेरीज एकच जोडपं आलं, तेही एका रात्रीपुरतं.

तंबू कुठे टाकायचा यावरच पहिला धडा मिळाला. मी दोन टेकड्यांमधला खळगा निवडला होता, म्हटलं वारा लागणार नाही. काकोसांनी मान हलवली. रात्री थंड हवा जड होऊन खाली उतरते आणि खळग्यात साचते. माथ्यावर वारा झोपू देत नाही. त्यांनी आम्हाला उतारावर मध्यावर, पूर्वेकडे तोंड करून बसवलं, म्हणजे सकाळचं पहिलं ऊन तंबूवर पडेल. तिथे सूर्य सातनंतर उगवतो आणि त्या उन्हाची वाट किती आतुरतेने पाहावी लागते ते पहिल्याच पहाटे कळलं. खुंट्या वाळूत उभ्या ठोकल्या तर वाऱ्याच्या एका झोताने निघतात. खुंटी आडवी धरायची, दोरी मधोमध बांधायची, हातभर खोल पुरायची आणि वर वाळू पायाने दाबायची. मेहुण्याने सिमेंटची रिकामी पोती भरून पुरली. तीही हलली नाहीत.

पाणी आम्ही वीस लिटरचे तीन कॅन नेले होते. चार माणसं, तीन रात्री, म्हणजे माणशी दिवसाला पाच लिटर, पिणं-स्वयंपाक-तोंड धुणं सगळं धरून. हिवाळ्यात ते पुरलं. काकोसांचं पिण्याचं पाणी टाक्यातलं. टांका म्हणतात त्याला तिकडे. जमिनीत खोदून आतून लिंपलेला हौद, आणि भोवतीची जमीन उताराची करून राखलेली, म्हणजे पडेल तो थेंब आत जावा. जैसलमेरला वर्षाला दोनशे मिलिमीटरसुद्धा पाऊस नाही. आपल्या सोलापूरला साधारण साडेपाचशे पडतो आणि आपण स्वतःला दुष्काळी म्हणतो. भांडी राख आणि वाळूने घासायची, फडक्याने पुसायची, मग बोटभर पाण्याने विसळायची. नान्नजला, म्हणजे सोलापूरजवळच्या आमच्या गावी, माझी आई अशीच राखेने घासायची. बायकोने पहिल्या दिवसापासून ते सहज उचललं. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या शहरातल्या बाईला थेंबाचा हिशेब शिकवावा लागत नाही.

जेवणात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. याहून चांगली शिदोरी वाळवंटासाठी कुणी बनवलेली नाही, हे मी मनापासून सांगतो. पाणी लागत नाही, नासत नाही, चूल पेटली नाही तरी पोट भरतं. काकोसांच्या घरून बाजरीचा रोटला आणि केर-सांगरीची भाजी यायची. केर हे तिकडच्या एका झुडपाचं फळ, सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला जिची पूजा करतो ते झाड तिकडे माणसाला आणि जनावराला जगवतं. १७३० साली जोधपूरजवळ खेजडली गावात ही झाडं तोडू नयेत म्हणून ३६३ बिश्नोई बायका-पुरुषांनी प्राण दिले. हे वाचलेलं होतं, पण त्याच झाडाच्या शेंगा ताटात आल्यावर मुलीला सांगताना माझा आवाज भरून आला.

आता आकाश. आम्ही मुद्दाम अमावास्येच्या आसपासचे दिवस धरले होते. हात लांब करून मूठ डोळ्यासमोर धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. ध्रुव तारा क्षितिजापासून जवळजवळ तीन मुठी वर होता. सोलापुरात तो दोन मुठींच्याही खाली असतो, कारण आपण सतराच्या पुढच्या अक्षांशावर आणि जैसलमेर सत्तावीसच्या जवळ. उलट अगस्त्य तारा तिकडे पार खाली. रात्री पाऊण-एकला दक्षिणेला जेमतेम एक मूठ चढला आणि तिथूनच मावळतीकडे वळला. आपल्याकडे तो त्याच्या दुप्पट वर येतो. मुलीने हे वहीत आकृती काढून लिहिलंय. पुस्तकातला अक्षांश तिने मुठीने मोजला.

सकाळी तंबूभोवती वाळूवर नक्षी असायची. भुंग्यांच्या शिवणीसारख्या रेघा, उंदरांच्या उड्या, आणि एकदा तंबूपासून हातभर अंतरावरून गेलेली खोकडाची पावलं. रात्रभर आम्हाला चाहूलही नव्हती.

मनात घोळणारी गोष्ट आता सांगतो. चौथ्या दिवशी परवानगी काढून सुदासरीला गेलो. डेझर्ट नॅशनल पार्कचा तो राखलेला भाग. दुर्बिणीत लांबवर, गवतात, दोन गोडावण दिसले. गोडावण म्हणजे आपला माळढोक. मी चौथीत असताना वडिलांनी मला नान्नजच्या माळावर, आमच्या रानाच्या बांधावर उभं करून तो दाखवला होता. मान ताठ करून तो चालला होता आणि वडील म्हणाले होते, "बोलू नको, त्याला त्रास होईल." माझ्या मुलीला तोच पक्षी दाखवायला मला राजस्थान गाठावं लागलं. दुर्बीण तिच्या हातात देताना मला आनंदही होत होता आणि फार वाईटही वाटत होतं. तिला काय सांगावं ते सुचेना.

---

चादरवाली • १० जानेवारी, रात्री ११:०५

दादा, शेवट वाचून थोडा वेळ काही लिहवलंच नाही.

थंडीचं विचारते. चादरी नेल्या होत्या की फक्त स्लीपिंग बॅग? आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, तीन पिढ्या मागावर चादरी विणण्यात गेल्या, म्हणून आपली चादर तिथे कशी टिकली हे जाणून घ्यायचंय.

---

माळावरचा • ११ जानेवारी, सकाळी ७:२०

ताई, चार चादरी नेल्या होत्या आणि चारही कामी आल्या, पण पांघरायला कमी आणि अंथरायला जास्त. पहाटे सहा अंशांपर्यंत उतरलं होतं. वाळू दिवसा तापते तशीच रात्री भराभर निवते. हवा कोरडी, आकाश निरभ्र, उष्णता थेट वर निघून जाते. त्यामुळे गारठा पाठीकडूनच जास्त लागतो. खाली ताडपत्री, त्यावर घडी घातलेली चादर, मग घोंगडी आणि त्यावर स्लीपिंग बॅग असा थर लावल्यावर मुलगी सकाळपर्यंत हलली नाही.

---

चादरवाली • ११ जानेवारी, दुपारी १:३०

बरोबर केलंत. सुती चादर दमट हवा ओढून घेते, म्हणून सकाळी घडी घालायच्या आधी ती उन्हात टाकायची, नाहीतर दुसऱ्या रात्री गार लागते. तंबूच्या आत श्वासाची वाफ धरते तीही चादरीतच उतरते. लोकर ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही, म्हणून अंगाशी घोंगडी आणि खाली चादर हीच जोडी. सांगोल्याकडचे धनगर मेंढरांमागे उघड्यावर झोपतात ते घोंगडीच्या भरवशावरच.

---

बार्शी_रोड • ११ जानेवारी, रात्री ८:१५

लई भारी लिहिलंय दादा. पण मला एक प्रश्न पडलाय. एवढ्या लांब कशाला जायचं? नान्नज शहरापासून वीस किलोमीटर. माळ आहे, अंधार आहे, काळवीट आहे. आम्ही दहा-बारा जण येत्या शनिवारी तंबू घेऊन यायलोय. तुम्ही गावचेच, जागा दाखवा की. आपल्या माणसांनी तिथे राहायला सुरुवात केली तर माळाचं महत्त्वही वाढेल.

---

करकोचा • ११ जानेवारी, रात्री १०:५०

मन चांगलं आहे तुमचं, म्हणूनच सविस्तर लिहितो. कृपा करून असं करू नका.

नान्नज हा माळढोक अभयारण्याचा गाभा आहे. १९७९ साली ते जाहीर झालं तेव्हा सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर एवढं पसरलेलं होतं. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं होतं, लोकांचे व्यवहार अडले, आणि पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. लोकांचा राग मला समजतो, माझ्या आजोबांची जमीन त्यातच होती. पण आता जे गवत उरलंय ते थोडं आहे.

या गवतात राहणारे बहुतेक पक्षी घरटं जमिनीवरच करतात. धाविक, पखुर्डी, चंडोल, टिटवी. अंडी मुरमाच्या रंगाची, पायाखाली आली तरी दिसत नाहीत. माळढोक तर एका वेळी एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. एकदा पक्षी उठवला की कावळा किंवा कुत्रं ते अंडं संपवतं. देशभरात मोकळ्यावर उरलेले माळढोक दीडशेच्या आसपास, आणि बहुतेक सगळे त्या थरच्या वाळवंटातच. इथे हिवाळ्यात भोवत्ये (हॅरियर, शिकारी पक्षी) येतात, तेही रात्री जमिनीवर गवतात थव्याने बसतात. बारा जण, विजेऱ्या, आवाज एवढ्याने त्यांची निवाऱ्याची जागा सुटते. लांडगेही याच माळावर पिल्लं वाढवतात.

नियमाने म्हणाल तर अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊलही टाकता येत नाही, मुक्काम तर लांबच.

वरच्या दुःखात एक भर. माळढोक पंधरा किलोपर्यंतचा जड पक्षी, समोरचं त्याला नीट दिसत नाही, आणि उडताना विजेच्या तारांवर आदळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातमधल्या त्याच्या अधिवासात तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं होतं. २०२४ मध्ये तो आदेश बदलून काय शक्य आहे ते ठरवायला तज्ज्ञांची समिती नेमली. समला २०१९ पासून माळढोकांची पिल्लं वाढवण्याचं केंद्र चालू आहे, तिथून मात्र बरी बातमी येते.

जैसलमेरला जाणाऱ्यांनी वाटेत फलोदीजवळ खीचनला थांबावं. हिवाळ्यात हजारो करकोचे तिथे उतरतात. गावकरी त्यांना रोज दाणे घालतात. मी त्या गावावरूनच इथलं नाव घेतलं.

---

होटगी_रोडची_आई • १२ जानेवारी, दुपारी ३:१०

माझी दोन मुलं, आठ आणि अकरा वर्षांची. फेब्रुवारीत शाळेची सुट्टी जोडून जावं असं हा धागा वाचून फार वाटायला लागलंय. पण साप, विंचू, रेंज नाही, दवाखाना लांब, हे वाचून सासूबाई घाबरल्यात. खरं खरं सांगा.

---

डॉ_फिरस्ता • १२ जानेवारी, रात्री ९:००

सासूबाईंची भीती खोटी नाही, पण आवाक्यातली आहे. थरच्या वाळवंटात फुरसं आहे, जे आपल्या माळावरही आहे. थंडीत साप सुस्त असतात आणि रात्री फारसे फिरत नाहीत. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन वाढलं की सावध राहायचं. बूट तंबूच्या आत, पिशवीत. सकाळी ते आपटून, झटकून मगच पाय घालायचा. रात्री अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, लघवीलासुद्धा विजेरी घेऊनच. जांभळ्या किरणांची लहान विजेरी मिळते, त्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. झोपायच्या आधी मुलांनाच तंबूभोवती एक फेरी मारायला लावा, ती हौसेने करतात.

चावलंच तर: कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हात किंवा पाय हलू न देता, माणसाला आडवं ठेवून थेट जैसलमेरचं रुग्णालय. म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी रात्रभर एक गाडी उभी आहे आणि चालवणारा जागेवर आहे, हे आधी ठरवा. गाडी नसेल तर मी स्वतः मुलांना घेऊन अशा जागी राहिलो नसतो.

एक बारीक गोष्ट कुणी सांगत नाही. उंट बसतात त्या झाडाच्या सावलीत पथारी टाकू नका. वाळूत गोचीड दबा धरून असतात.

---

माळावरचा • १५ जानेवारी, रात्री १०:३०

उत्तराला उशीर झाला, गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, गडबड होती. नंदीध्वजांची मिरवणूक पाहायला सगळे पाहुणे घरी होते.

ताई, डॉक्टरांनी लिहिलंय ते सगळं तसंच करा. काकोसांची जीप रात्री झोपड्यांशेजारी उभी असायची, हे मी पैसे ठरवायच्या आधी विचारून घेतलं होतं. घरी निघायच्या दिवशी सांगून ठेवलं होतं की तीन दिवस फोन लागणार नाही, चौथ्या दिवशी दुपारी आम्हीच करू. कुणी उपग्रहाचा फोन घेऊन जा असं सुचवेल, तो आपल्या देशात परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. ड्रोनही घरी ठेवा. सीमा जवळ आहे आणि पश्चिमेकडच्या पट्ट्यात परवानगीशिवाय जाता येत नाही. कुठपर्यंत फिरायचं ते कॅम्पवाल्यालाच विचारा आणि त्यापुढे जाऊ नका.

संडासाचं: खड्डाच वापरा, वाळूत इकडेतिकडे नको. कोरड्या वाळूत काही कुजत नाही, कागद तर वर्षानुवर्षं तसाच राहतो. आमचा सगळा कचरा दोन पिशव्यांत परत जैसलमेरला आला. सरपण म्हणून काकोसा गोवऱ्या जाळायचे, खेजडीच्या वाळक्या फांदीलाही हात लावू द्यायचे नाहीत.

करकोचा, तुम्ही लिहिलंत त्यातलं अक्षर न् अक्षर पटलं. वडिलांनी "बोलू नको" म्हटलं होतं, त्या माळावर मी कुणाला तंबूसाठी जागा दाखवणार नाही. बार्शी रोडवाल्या मित्रा, राग मानू नकोस. माळाला महत्त्व आपण तिथे राहिल्याने येत नाही. आपण त्याला पडीक म्हणतो तिथेच सगळं बिघडतं. सातबाऱ्यावर, बोलण्यात, प्लॉटच्या जाहिरातीत तो पडीकच. काकोसांना मी विचारलं होतं, ही वाळू कुणाची? ते म्हणाले, गोडावणाची, उंटाची, आमची. त्या क्रमाने म्हणाले.

अजून एक लिहायचं राहिलं होतं. परतताना खडीन पाहिली. पालिवाल ब्राह्मणांनी शेकडो वर्षांपूर्वी बसवलेली पद्धत. उताराला आडवा मातीचा बांध घालायचा, पावसाचं पाणी अडवून जमिनीत मुरवायचं, आणि ओल धरली की त्यावर गहू-हरभरा पेरायचा. वर पाणी द्यावं लागत नाही. उभं राहून पाहत होतो आणि मोहोळ-मंगळवेढ्याची काळी जमीन आठवत होती. आपली रब्बीची मालदांडी ज्वारी अशीच मुरलेल्या ओलीवर येते. दीड हजार किलोमीटर लांबचा शेतकरी आणि आपला शेतकरी एकच विद्या जाणतात, हे पाहून मला परकं वाटेनासं झालं.

---

बार्शी_रोड • १६ जानेवारी, सकाळी ८:४०

राग कशाचा दादा. मला माहीतच नव्हतं की भोवत्ये जमिनीवर झोपतात. लहानपणापासून त्याच रस्त्याने यायलो-जायलो, एकदाही थांबून बघितलं नाही, याचं वाईट वाटतंय.

शनिवारचा बेत बदललाय. वैरागकडे चुलत्यांचं स्वतःचं रान आहे, अभयारण्याच्या बाहेर, विहीर आहे, ज्वारी हुरड्यात आलीय. बाराऐवजी सहाच जण जातोय. स्पीकर न्यायचा नाही असं ठरलं. आगटी एकच, गोवऱ्यांची, आणि हुरडा खाऊन झाला की विझवायची. करकोचा, यात काही चुकतंय का?

---

करकोचा • १६ जानेवारी, सकाळी ९:१५

काही चुकत नाही. बांधाला झुडपं असतील तर तंबू त्यांच्यापासून लांब, पिकाच्या कडेला मोकळ्यात टाका, झुडपांत ससा-तित्तीर बसतात. विजेरीला लाल कागद लावा, म्हणजे तुमच्याही डोळ्यांना अंधार सरावेल.

---

होटगी_रोडची_आई • १६ जानेवारी, दुपारी २:००

गाडीची अट सासूबाईंना पटली. त्याही येतो म्हणाल्या. आता कडक भाकरी किती दिवस आधी करून ठेवू?

---

चादरवाली • १६ जानेवारी, दुपारी ४:४५

आठवडाभर आधी केल्या तरी चालतील. पातळ थापा, तव्यावर भाजून मग मंद आचेवर पूर्ण कडक होऊ द्या, आणि गार झाल्यावरच डब्यात भरा. कोमट असताना भरल्या तर वाफ धरते आणि बुरशी येते. सासूबाईंसाठी वाटीभर कढीत किंवा आमटीत चुरून द्या, दाताला त्रास नाही.

---

बार्शी_रोड • १८ जानेवारी, सकाळी १०:२०

काल रात्री राहून आलो. हुरडा खाल्ला, दहाला आगटी विझवली आणि चुलत्याच्या नातवाने मुठी मोजल्या. ध्रुव दोन मुठींना जरा कमी भरला. अकराच्या सुमारास दक्षिणेला अगस्त्य दोन मुठी वर होता. माळावरचा दादा, तुमच्या मुलीला वहीत लिहायला सांगा.